अव्वाच्या बेलाचं ऊन

नांदेडात राहून मी ऊन विकत आणलं, हे माहेरी मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक पोट धरून हसतील. उन्हाळ्यात आमच्याकडे डांबर चपलेला चिकटतं, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि ही बया पार्सलनं ऊन मागवते! पण आमच्या फ्लॅटची तऱ्हाच वेगळी. पहिला मजला, बाल्कनी पूर्वेला. घर घेतलं तेव्हा समोर मोकळा प्लॉट होता आणि सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत यायचं. मग त्या प्लॉटवर आमच्याहून उंच इमारत उभी राहिली. आता ऊन त्यांच्या पाण्याच्या टाकीवर पडतं आणि आम्ही ते खालून बघतो. उकाडा मात्र होता तेवढाच राहिला.

मला याचं फारसं दुःख नव्हतं. बाल्कनीत एक मोगरा होता, एक कढीपत्ता, कोरफड आणि सगळ्यांच्या घरी असतो तसा मनी प्लांट. मी शाळेत गणित शिकवते, नवरा विष्णुपुरीला कॉलेजात शिकवतो. झाडांकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती. ती झाडं आपल्या नशिबानं जगत होती. मग अव्वा आली.

अव्वा म्हणजे माझी आई. औशाच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे ती शेतातल्या घरात एकटी राहायची. अप्पा गेले तेव्हा आमच्यातल्या रीतीप्रमाणे त्यांना शेतातच समाधी दिली, त्यांनीच लावलेल्या बेलाखाली. त्यानंतर अव्वा तिथून हलायला तयार नव्हती. मी एकुलती एक. दर सुट्टीला जाऊन विनवायची, ती दर वेळी एकच सांगायची, "लेकीच्या घरी चार दिस ऱ्हावं. पाचव्या दिशी माणूस जड होतंय." तिच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलेलं की माझ्याकडे आली तरी चहा अर्धा कपच घ्यायची. मग एका पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि मनगट मोडलं. शेजारच्या शेतातल्या बाईला हाक ऐकू गेली म्हणून निभावलं. हात बरा झाला, पण मी आता ऐकणार नव्हते. संक्रांत झाली आणि मी तिला अक्षरशः उचलून आणलं.

येताना तिनं दोन लुगडी घेतली, पूजेची पिशवी घेतली, आणि गोडेतेलाच्या जुन्या डब्यात लावलेलं बेलाचं एक रोप मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. समाधीजवळच्या बेलाखाली आपोआप उगवलेलं ते रोप, जेमतेम वीतभर. रस्त्यात खड्डा आला की ती डब्यावर हात धरायची. माझ्या डोक्यावर धरला नाही कधी असा, असं मी म्हणाले, तर म्हणाली, "तुला कशाला धरू, तू का मोडायलीस?"

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिनं आम्हाला दोघांना समोर बसवलं आणि शर्त सांगितली.

"श्रावणापातूर ऱ्हाते. श्रावणात सोमवारी ह्या झाडाचं पान लिंगाला वाहता आलं, तर म्होरचं म्होरं बघू. झाड न्हाई जगलं, तर मला गुमान औशाच्या गाडीत बसवून द्यायचं. मग अडवायचं न्हाई."

आम्ही लिंगायत. अव्वा रोज आंघोळ करून, विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते आणि बेलपान नसेल तर तिला पूजा झाल्यासारखी वाटत नाही. त्यामुळे शर्त तिच्या दृष्टीनं वाजवी होती. मी मात्र आधी त्या डब्याकडे बघितलं आणि मग समोरच्या इमारतीकडे. माझ्या म्हाताऱ्या आईचं माझ्याजवळ राहणं एका वीतभर रोपाच्या जिवावर आलं होतं, आणि तेही सूर्य नसलेल्या बाल्कनीत.

फाल्गुनात रोपाची होती ती पानं झडली. मी हबकले. अव्वा शांत होती. "झडतंय. बेल हाय, झडणारच," म्हणाली. पुढे नवी पालवी आली, पण ती पिवळट, मरगळलेली. आणि खोड काचेच्या दिशेनं वाकायला लागलं. गच्चीवर ठेवावं तर गच्चीला कुलूप, लिफ्ट नाही, आणि अव्वाचे गुडघे जिन्याला नको म्हणायचे. पूजेला बसल्यावर झाड डोळ्यापुढे पाहिजे, हाही तिचा हट्ट होता.

तेव्हा नवऱ्यानं तोडगा काढला. घरात झाडं वाढवायचे एलईडी दिवे मिळतात म्हणाला. मी त्याला वेड्यात काढलं आणि लगेच मागवायलाही लावलं. पहिला दिवा आला तो जांभळा-गुलाबी उजेड फेकणारा. लावला तर आख्खा हॉल वरातीसारखा दिसायला लागला. नवऱ्याचं तोंड जांभळं, भाकरी जांभळी, अव्वाच्या कपाळावरची विभूतीसुद्धा जांभळी. शेजारच्या काकू, हदगावच्या, दार ढकलून आत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, पार्लर टाकून राहिल्या का तुमी?" दुसऱ्याच दिवशी तो दिवा परत गेला आणि लांब पट्टीचा पांढरा दिवा आला. हा बरा होता, नुसता दिवस उजाडल्यासारखा.

आता तो टांगायचा कुठे? बाल्कनीच्या छताला कपडे वाळत घालायची पुली होती, दोरी ओढली की दांड्या वर-खाली होतात ती. तिच्या एका दांडीला आम्ही पट्टी बांधली. नवऱ्याच्या फोनमध्ये उजेड मोजायची सोय होती. तो फोन रोपाच्या शेंड्याशी धरून उकिडवा बसायचा, मी दोरी ओढायची, आणि तो "खाली, अजून खाली, बस!" करायचा. फार जवळ आणला तर कोवळी पानं करपतात, फार लांब नेला तर उजेड पोचतच नाही. दीड वीत अंतर ठरलं. तेवढ्यावर मी दोरीला गच्च गाठ मारली.

अव्वा हे सगळं पाटावर बसून बघत होती. तिनं विचारलं, "वर घेतला तर काय हुतंय?"

"उजेड पसरतो अव्वा, पण पातळ होतो," नवरा म्हणाला. "जितका लांब, तितका कमी."

"हं," म्हणाली ती. तिचं 'हं' ऐकून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दिव्याला टायमर होता. सकाळी तो आपोआप लागायचा, संध्याकाळी जायचा. दिवा लागला की अव्वा हात जोडायची. दिवेलागणीला जोडतात तसेच, फक्त सकाळी. मध्येच लाइट गेली आणि परत आली की पुन्हा हात जोडायची. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जाते-येते, त्यामुळे तिचा दिवस नमस्कारातच जायचा. पुढे पुढे नवराही चहाचा कप खाली ठेवून हात जोडायला लागला. मी त्याला चिडवलं, तर म्हणाला, आपोआप होतं गं. आणि एक दिवस माझेही हात जोडले गेले, तेव्हा मी चिडवणं सोडलं.

आठवडा बरा गेला. मग एकदा शाळेतून आले तर दिवा मला जरा वर वाटला. गाठ बघितली, गाठ होती. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा काही दिवसांनी बघितलं, तर दिवा चांगलाच वर, जवळजवळ छताशी. आणि दोरीला गाठ होती, पण माझी नव्हती. माझी गाठ मी ओळखते. मी नवऱ्यावर घसरले. "कपडे वाळत घालताना दांडी वर घेता आणि तशीच ठेवता!" तो बिचारा शपथा घेत राहिला. मी दिवा खाली घेतला, गाठ मारली. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा वर.

एव्हाना रोप विचित्र वाढायला लागलं होतं. उंच होत होतं, पण खोड सुतळीसारखं बारीक, दोन पानांमधलं अंतर वाढलेलं, पानं फिकी आणि एवढीशी. उजेड शोधत वर धावणारं रोप असंच दिसतं, हे मला आता वाचून वाचून कळलं होतं. ज्येष्ठ सरत आला होता, श्रावण काही फार लांब नव्हता.

त्याच सुमारास मी एक फोन ऐकला. अव्वा गावाकडच्या कुणाशी तरी बोलत होती. "येते की. श्रावणात येतेच म्हण. घर झाडून ठेवा जरा." मी स्वयंपाकघरात पोळी लाटत होते. पोळी तव्यावर करपली तरी माझ्या लक्षात आलं नाही. सगळी बेरीज माझ्या डोक्यात चटकन जुळली. दिवा वर कोण घेतं, ते आता विचारायची गरजच नव्हती. तिला जायचं होतं. झाड मेलं की शर्तीप्रमाणे सुटका. मला फार लागलं ते. मी तिला काय कमी केलं होतं? तिच्यासाठी ज्वारीच्या भाकरी, तिच्यासाठी बिनमसाल्याची भाजी, तिच्यासाठी विकतचं ऊन, आणि ही माझ्या पाठीमागे दोरी ओढते! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिनं विचारलं, "पोट बिघडलंय का?" मी म्हणाले, "हो."

मग एका सकाळी मी शाळेत चष्म्याशिवाय पोचले. फळ्यावरचं माझंच अक्षर मला दिसेना. मधल्या सुट्टीत स्कूटी काढून घरी आले, माझ्या किल्लीनं दार उघडलं. बाल्कनीत अव्वा लुगड्याचा पदर कमरेला खोचून, माझी गाठ सोडून दोरी ओढत होती. दिवा हळूहळू वर जात होता आणि ती मोगऱ्याला सांगत होती, "घे बाई, तू बी घे. लाजू नगस."

"अव्वा!" मी ओरडले. मी इतक्या जोरात ओरडेन असं मलाही वाटलं नव्हतं. तिच्या हातून दोरी सुटली, दांडी धाडकन खाली आली आणि कढीपत्त्याचा एक फाटा मोडला.

"मेले की मी दचकून! कामून वरडायलीस?"

"तुला जायचंय ना गावाला? मग सरळ सांग. झाडाचा जीव कशाला घेतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. खरंच काही कळलं नसल्यासारखी. मग खाली बसली, मोडलेला फाटा उचलून मांडीवर ठेवला आणि सावकाश बोलायला लागली.

"एकाच्याच डोक्यावर दिवा लटकावलायस. बाकीची सगळी अंधारात बसल्यात. रोज पूजेला बसलं की म्होरंच दिसतंय. माझं झाड पाहुणं आन् त्यालाच पुढं घालून वाढायलीस. तुझ्या मोगऱ्यानं काय घोडं मारलंय? मला घास गिळंना बाई." मग म्हणाली, "लेकीच्या घरात यायचं आन् माझंच ताट भरून घ्यायचं का?"

मी चष्मा घ्यायला आले होते तेही विसरले.

अव्वाची ही जुनी खोड आहे, आणि ती मला ठाऊक असायला हवी होती. आमच्या लातूरकडे वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याचं खोपटं, म्हणजे कोपी, करून पूजा होते, आंबील असते, सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी असते, आणि बांधावर जो कुणी येईल तो पंगतीला बसतो. वाढायला अव्वा. तिच्या हातचा डाव म्हणजे माप. सालगड्याला जेवढी भज्जी, तेवढीच सरपंचाला, तेवढीच मला. लहानपणी मी एकदा अजून थोडी दे म्हणून हटून बसले, तर ती पंगतीच्या टोकापर्यंत जाऊन आली, सगळ्यांना थोडी थोडी वाढली आणि मग मला दिली. पंक्तिप्रपंच करणं, म्हणजे एका ओळीत बसवून एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडं वाढणं, याच्याइतकं मोठं पाप तिच्या लेखी नाही. आणि मी तर तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच झाडाच्या नावानं, महिनाभर तेच करत होते.

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी तिच्याजवळ फरशीवर बसले. "पण मग फोनवर येते म्हणालीस ते?"

"लोक इचारतात. काय सांगू, लेकीकडंच पडून ऱ्हाणार म्हणून?"

"म्हणजे राहायचंय ना तुला?"

"मला काय इचारतीस? झाडाला इचार," म्हणाली आणि मोडका फाटा माझ्या हातात दिला. "आज कढी कर."

संध्याकाळी नवऱ्यानं तिला फोनवरचे आकडे दाखवायचा प्रयत्न केला. आकड्यांनी काही झालं नाही. मग तो म्हणाला, "अव्वा, दिवा वर घेतला की सगळ्यांना सारखं मिळतं हे खरं, पण पोट कुणाचंच भरत नाही. पातळ आंबील सगळ्यांना वाटल्यासारखं आहे हे." हे मात्र तिला पटकन कळलं. ती उठली आणि एकेका झाडाचा शेंडा हातानं चाचपून आली.

"मग ह्यास्नी नीट बसवलंच न्हाई की आपण," म्हणाली. "एक हुबं, एक बसलेलं. वाढणाऱ्यानं करावं काय?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अव्वानं आम्हाला दोघांना कामाला लावलं. उंच झाडं खाली फरशीवर, बुटकी वर. कोरफडीला मिळाला पाट, मोगऱ्याला उलटं घमेलं, आणि बेलाचा डबा विटांवर, विटा जिन्याखालच्या अडगळीतून आणलेल्या. मनी प्लांटचे लांब वेल तिनं स्वतः छाटले. मग ती जमिनीवर बसून, एक डोळा मिटून बघायची आणि सांगायची, "ह्याचं डोकं खाली हाय. अजून एक वीट घाल." सगळ्यांचे शेंडे एका ओळीत येईपर्यंत तिनं सोडलं नाही. एक पट्टी सगळ्यांना पुरेना, म्हणून मी तिच्या जोडीला दुसरी मागवली. मग दोन्ही दिवे दीड वितीवर खाली आले आणि गाठ अव्वानं मारली. शिवाय दर सोमवारी पूजा झाली की ती कडेच्या कुंड्या मध्ये आणायची आणि मधल्या कडेला ठेवायची. कडेला बसणाऱ्याला नेहमी कमी पडतं, हे तिला वाढून वाढून माहीत होतं.

हदगावच्या काकू एकदा ही सगळी रांग बघून गेल्या आणि जरा वेळानं आपली सुकत चाललेली तुळस घेऊन आल्या. "आमची बी बसवा पंगतीला," म्हणाल्या. अव्वानं तुळशीची उंची बघितली आणि मला म्हणाली, "एक डबा आण."

झाडं त्या महिन्यात अशी काही सुधारली की माझा विश्वास बसेना. मोगऱ्याला कळ्या धरल्या. बेलाचं सुतळीसारखं खोड अव्वानं काडीला बांधून सरळ केलं होतं. आता ते हाताला घट्ट लागायला लागलं. नवी पानं आली ती हिरवीगार, तीन दळांची, पूजेला चालतील अशी. मी ती रोज बघायची. मनातल्या मनात त्यांना दृष्ट लागू नये म्हणायची. आणि तरी मला खात्री वाटत नव्हती, कारण अव्वा फक्त 'बघू' म्हणाली होती, राहीन असं ती कधीच म्हणाली नव्हती.

श्रावणातला पहिला सोमवार आला. मी लवकर उठून न्हाऊन तयार झाले. अव्वाची आंघोळ झाली, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढले, ती बाल्कनीत पाटावर बसली. दिवा लागला. तिनं हात जोडले. मी दारात उभी होते, नवरा माझ्यामागे. तिनं लिंग तळहातावर घेतलं आणि उजवा हात बेलाकडे नेला. एक पान बोटांत धरलं. अंगठ्यानं जरासं चोळलं, लहान मुलाच्या कानाची पाळी चोळतात तसं. आणि सोडून दिलं. मग पूजेच्या ताटातली पुडी उघडली. आदल्या दिवशी देवळापुढून नवऱ्याकडून मागवलेली, विकतच्या बेलाची. त्यातलं पान तिनं लिंगाला वाहिलं.

पूजेत बोलायचं नसतं. ती जप करत राहिली आणि मी दारात उभी राहिले. ह्या झाडाचं पान वाहता आलं तर, असं ती म्हणाली होती. आणि तिनं ते वाहिलं नव्हतं. मला औशाची गाडी दिसायला लागली, तिची पिशवी दिसायला लागली. इतकी झाडं जगवली, इतक्या विटा वाहिल्या, आणि ही बाई अखेर आपल्याच मनाचं करणार. मला तिचा रागही आला आणि ती गेल्यावर हे घर कसं दिसेल याची भीतीही वाटली.

तिनं लिंग कपाळाला लावलं, पुन्हा गळ्यात घातलं. मी लगेच बोलले. "अव्वा, पान का नाही तोडलंस? आलंय की चांगलं."

"आलंय."

"मग?"

"लेकरू हाय अजून ते. आताच कुठं पोटाला लागायलंय. इतक्यात तोडत न्हाईत." गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "पुढल्या श्रावणात तोडू."

मी काहीतरी बोलणार होते. नवऱ्यानं मागून माझा खांदा दाबला.

"आन् बघत काय उभी ऱ्हायलीस?" अव्वा म्हणाली. "दोरी ओढ. डोक्याला लागायलाय दिवा त्याच्या."

मी तिची गाठ सोडली, दिवा चार बोटं वर घेतला आणि विचारलं, "बस?"

"बस," म्हणाली. "आन् मला चहा दे. कपभर दे."